गाणारी गाडी

दिवाळीला घरात काही तरी नवे आणावे, असा आमच्याकडे प्रघात आहे. गेल्या वर्षी चिरंजिवांनी आमच्या बारा वर्षांच्या गाडीत नवा म्युझिक सेट आणि डिकीत अँप्लिफायर बसवून घेतला. धनत्रयोदशीला पूर्व मुक्त मार्गावरून आम्ही सहकुटुंब फेरी मारून आलो. सौ. म्हणाल्या, "घरातल्या रेडिओपेक्षा गाडीच बरी गाते." मीही मान डोलावली.

भाऊबीज आटोपली आणि पुढचे दोन दिवस गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास आईला धाप लागली. फटाक्यांचा धूर आणि तिचा जुना दमा. तिला धरून खाली आणले, किल्ली फिरवली; 'टक्' असा एक आवाज झाला आणि पुढे सामसूम! शेजारच्या कोळी बंधूंनी आपली रिक्षा काढली म्हणून आम्ही वेळेवर रुग्णालयात पोचलो. आई बरी झाली; पण त्या 'टक्'ने माझी झोप उडवली ती उडवलीच.

दुकानदाराने निदान केले, "साहेब, बॅटरी संपली, नवी टाका." टाकली. चौथ्या दिवशी तीही थंड! तेव्हा मात्र मी माहुल गावातल्या एका वृद्ध वायरमनकाकांना गाठले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. ती टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. काकांचा हात मात्र निवृत्त झालेला नाही.

काकांनी सगळे दिवे, सेट बंद केले, दारे लावली आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. "गाडीतली यंत्रे हळूहळू झोपतात, त्यांना झोपू द्या," म्हणाले. मग बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून मधे मीटर लावला. "हा लावलेला असताना चुकून किल्ली फिरवू नका हं, मीटर जळेल." झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरहून अधिक वीज खाऊ नये; आमची खात होती ०.७! हिशेब सोपा आहे. अठ्ठेचाळीस तासांत तेहेतीस-चौतीस अँपिअर-तास गेले आणि आमची बॅटरी अवघी पस्तीसची. स्टार्टरला एका दमात शंभरावर अँपिअर लागतात, ते यायचे कोठून?

मग एकेक फ्यूज काढून पाहणे आले. हेडलाइटचा काढला, काटा जागचा हलेना. हॉर्नचा काढला, तेच. अँप्लिफायरचा काढताच काटा खाली आला. सेट चालू झाला की अँप्लिफायरला जागे करणारी एक बारीक निळी वायर असते. ती बसवणाऱ्याने सेटला न जोडता सदैव चालू असलेल्या तारेला जोडून टाकली होती. बिचारा अँप्लिफायर रात्रंदिवस जागरण करीत होता!

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक शिट्टीही गाण्यामागे ऐकू येई. तिचे मूळ अर्थिंगमध्ये निघाले. वायर रंगावरच बोल्टने आवळली होती. काकांनी रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर ती पक्की केली आणि वर व्हॅसलिन फासले. माहुलच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही.

आणि मग त्यांनी फ्यूज हातावर ठेवला. पंधराच्या जागी तीसचा! आधीचा उडाला असणार, म्हणून कोणी तरी मोठा बसवला. "फ्यूज सेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो," काका म्हणाले. "तो उडाला नाही, तर वायर पेटते." मी खिडकीबाहेर पाहिले. १९५४-५५ पासून तेलशुद्धीकरण करणाऱ्या कारखान्यांच्या टाक्या समोर उभ्या होत्या. अंगावर काटा आला.

ही कथा काही आजची नाही. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हा इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थांबवता थांबवता त्यांच्या नाकी नऊ आले. कर्ज मिळावे म्हणून त्यांनी एका सावकाराच्या मोटारीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात मोटारीनेच पेट घेतला, असे सांगतात! कर्ज अर्थातच मिळाले नाही.

तेव्हा वाचकहो, गाडीत सेट बसवून घेताना दुकानदाराला तीन प्रश्न जरूर विचारा: किल्ली काढल्यावर हे सारे झोपते ना? अर्थिंग उघड्या पत्र्यावर आहे ना? आणि वायरीच्या जाडीला शोभेल असाच फ्यूज बॅटरीजवळ लावला आहे ना? उत्तरे देताना तो चाचरला, तर समोर मीटर लावून दाखवायला सांगा.

पुढे थंडीत रोहित पक्षी खाडीवर उतरले, तेव्हा आईला घेऊन ते पाहायला गेलो. चिरंजिवांनी तिच्या आवडीचे भजन लावले. ते संपल्यावर ती म्हणाली, "गाणे छान आहे रे; पण आधी गाडी चालू होते का, ते बघ."

मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.