गॅस संपत नसतो, राव!

मे महिना. दुपारचे अडीच. युनिव्हर्सिटी चौकातला सिग्नल. शेजारच्या चकाचक एसयूव्हीत एक मुलगी अंगाभोवती स्टोल गुंडाळून बसलीय. का? तर तिला एसीची थंडी वाजतेय! आणि तिच्या बाजूला आमची २००३ ची सँट्रो. चारही काचा खाली, ब्लोअर फुल्ल आणि आतून येणारी हवा थेट तंदूरमधली. शेजारच्या सीटवर बाबा. अँजिओप्लास्टीला जेमतेम दीड महिना झालेला, फॉलोअपहून परत येत होतो. 'मला काही होत नाही रे' म्हणता म्हणता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी बाजूला घेतली, सावलीत बसवलं, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी ते ठीक झाले. मी मात्र नाही झालो.

कारण मार्चमध्येच मी एसीचा गॅस भरून घेतला होता. सलग तिसऱ्या वर्षी! आपल्यापैकी बहुतेकांचं हेच चालतं. उन्हाळा लागला की एसीवाल्याकडे जायचं, 'गॅस कमी झालाय साहेब' ऐकायचं, दोनेक हजार मोजायचे आणि अर्ध्या तासात गार हवा खात ऑफिस गाठायचं. वर्षभराने पुन्हा तेच.

'नवी गाडी घेऊन टाक ना!' असं ऑफिसात सगळेच म्हणाले. पण ही बाबांची पहिली आणि एकुलती एक गाडी. १५ वर्षं झाली तेव्हा २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, आरटीओच्या चकरा मारून त्यांनी तिचं रजिस्ट्रेशन वाढवून आणलंय. शिवाय फ्लॅटचा ईएमआय भरताना माझीच दमछाक होते. तेव्हा एसीच नीट करायचं ठरलं.

एका कलीगने नाना पेठेतल्या एका बोळातला पत्ता दिला. तिथल्या चाचांनी माझी कहाणी ऐकली आणि एकच वाक्य टाकलं, 'पेट्रोल संपतं साहेब, गॅस नाही संपत. गेला म्हणजे कुठून तरी गेला.'

विकेट! इतकी साधी गोष्ट इंजिनीअर असून माझ्या डोक्यात आली नव्हती. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की एकदम गार पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतल्या हवेची उष्णता शोषून परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस, गोल गोल. वर्षाच्या आत गार हवा बंद पडली, तर लीकेज आहे असंच समजायचं. लीकेज न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरणं.

चाचांनी नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं. कंडेन्सरच्या जॉइंटवर बुडबुडे आलेच. पण प्रेशर त्याहून जास्त उतरत होतं. मग डॅशबोर्ड उतरवला. कूलिंग कॉइल बाहेर आली तेव्हा तिच्यावर वीस वर्षांची धूळ आणि सोसायटीतल्या गुलमोहराची बारीक पानं यांचा थर होता. त्या ओल्या थराखाली कॉइल गंजून तिला भोक पडलं होतं. कॉम्प्रेसरचं तेलही काळं, त्यात धातूचा चुरा. म्हणजे एक मोठ्ठी यादी! कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर आणि सगळे ओ-रिंग. 'फक्त कॉम्प्रेसर बदला ना,' मी घासाघीस करून पाहिली. चाचा म्हणाले, 'जुना चुरा नव्या कॉम्प्रेसरला खाईल. मग परत माझ्याच नावाने ओरडाल.' पाइप मात्र धुऊन परत वापरता आले.

शेवटी व्हॅक्यूम पंप चांगला पाऊण तास चालला. नुसती हवा काढायला नाही, तर आतला ओलावाही. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. मग बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलाय तेवढाच गॅस, काट्यावर तोलून. दोन दिवस काम आणि पंचवीस हजारांच्या पुढे बिल. गाडीच्या किमतीच्या मानाने वेडेपणा? असेल. पण नव्या गाडीचे दोन-तीन हप्ते झाले, एवढंच.

आणि हा फक्त खिशाचा मामला नाही. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनचा थर खायचा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने हद्दपार केला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तेज! अर्धा किलो गॅस हवेत सोडणं म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळणं. म्हणून २०१६ च्या किगाली करारात त्यालाही कात्री लागली. भारताने २०२१ मध्ये या करारावर शिक्कामोर्तब केलं. मी मात्र तीन वर्षं दोन-दोन हजार देऊन पुण्याचा उन्हाळा वाढवत होतो!

तेव्हा मंडळी, एसीवाल्याला आधी चार प्रश्न विचारा. लीकेज कुठे आहे? ड्रायर बदलणार का? व्हॅक्यूम किती वेळ? गॅस कोणता आणि किती ग्रॅम? उत्तरादाखल 'टेन्शन नका घेऊ' एवढंच आलं, तर टेन्शन घ्या. कुणी स्वस्तातला, पेट घेणारा एलपीजीसारखा गॅस भरू म्हणालं तर चावी उचला आणि निघा.

गेल्या आठवड्यात पुन्हा फॉलोअप होता. तोच चौक, तोच सिग्नल, तीच दुपार. 'अ‍ॅव्हरेज पडतं' म्हणून आयुष्यभर एसीच्या बटणाला हात न लावलेले बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग हळूच म्हणाले, 'जरा कमी कर रे. थंडी वाजतेय.'