धामणीची बाजू

मुलांच्या गोष्टींत साप चांगला दाखवू नका, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांत पाव हिश्शाहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. ज्या घरात पोरं जमिनीवर झोपतात, तिथे भीती हीच राखण आहे, ती गोष्टी सांगून घालवू नका, असं ही मंडळी म्हणतात.

आकडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. भीतीला नाग आणि धामण यांतला फरक कळत नाही. आपल्याकडे जीव जातो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशाने. धामण बिनविषारी. शेतातले उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचं धान्य वाचवते. तरी ती गाई-म्हशींच्या पायांना विळखा घालून दूध पिते, या समजापायी काठीखाली येते. आणि विषारी सापाच्या टप्प्यात माणूस कितीदा तरी जातो तो त्याला मारायलाच. शिवाय दंश झाल्यावर घाबरलेलं घर दवाखान्याऐवजी मांत्रिकाचं दार गाठतं. जीव वाचतो तो बॅटरी, बूट, मच्छरदाणी आणि वेळेत मिळालेल्या प्रतिविषाने. यांतलं काहीही भीती शिकवत नाही.

झाई व्हिटेकर यांचं ‘काली अँड द रॅट स्नेक’ हे छोटं पुस्तक मला या वादात फार मोलाचं वाटतं. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने ते काढलं. काली हा इरुला जमातीचा मुलगा, बाप साप पकडणारा. वर्गातली मुलं त्याच्यापासून लांब राहतात. एके दिवशी वर्गात धामण शिरते, सगळे घाबरून जातात आणि काली तिला पकडतो.

यावर लगेच आक्षेप येतो: हे वाचून आमचा बाळ सापाला हात घालायला गेला तर? पण गोष्ट नीट वाचा. कालीला हे जमतं, कारण ती त्याच्या घरची विद्या आहे. घाबरलेल्या वर्गाला ती येत नाही, आणि वाचणारा मुलगा त्या वर्गातलाच आहे. ज्याला साप कळतो त्याला बोलवावं, हे त्याला इथे दिसतं. एवढं करूनही हात घालू नकोस असं मोठ्यांनी बजावावं लागलं, तर जरूर बजावावं. त्यासाठी गोष्ट काढून घेण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप, प्राण्यांना माणसाच्या भावना चिकटवल्या की खोटेपणा येतो, हा मला बराचसा पटतो. १८९४च्या ‘द जंगल बुक’मधल्या मुंगसाच्या कथेत किपलिंगने नाग-नागिणीला बोलायला लावलं. त्यांना अंडी आणि पिल्लांसाठी जागा हवी आहे, हेही सांगितलं. तरीही ती दोघं दुष्टच ठरली आणि अंडी फोडणारं मुंगूस वीर ठरलं. म्हणजे प्राणी बोलका केला की सहानुभूती येतेच असं नाही. व्हिटेकरांची धामण एक शब्द बोलत नाही. ती कुणाची मैत्रीण होत नाही, गोडही दिसत नाही. चुकीच्या जागी आलेला एक साप, एवढंच तिचं पात्र. मुलाने तिच्यावर प्रेम करावं अशी अपेक्षाच नाही. तिला न मारताही प्रसंग निभावतो, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ झालं.

आणि इथे गैरसमज एकट्या सापाबद्दलचा नाही, इरुलांबद्दलचाही आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांच्या कातड्यांचा व्यापार थांबला आणि त्यावर जगणाऱ्या इरुलांचं पोट मारलं गेलं. १९७८मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे साप पकडून विष काढतात आणि सापांना पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून प्रतिविष बनतं. मघाच्या १२ लाखांचा हवाला देऊन जे साप गोष्टींतून हाकलू पाहतात, त्यांच्या मुलांनाही दंश झालाच तर टोचायचं औषध कालीसारख्यांच्या आई-बापांच्या हातांतून येतं. ही माणसं आणि हा साप आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकाच वर्गखोलीत भेटतात. असं पुस्तक मराठी शाळांच्या कपाटांत हवं, आणि तेही पहिल्या पावसाआधी, साप बिळांबाहेर पडायच्या आत.