आपण यजमान नाही

नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ उघडून वाचला तेव्हा लोक खूश झाले. आपल्या गावचा मुलगा, योसेफाचा मुलगा, किती छान बोलतो, म्हणून कौतुक करू लागले. लूकच्या चौथ्या अध्यायातला हा प्रसंग आपण सगळेच संदेशात सांगतो आणि बहुतेक वेळा इथेच थांबतो. पुढे काही वचनांतच ती कौतुक करणारी माणसं त्याला कड्यावरून ढकलून द्यायला निघाली. मधे त्याने दोनच गोष्टींची आठवण करून दिली होती. एलीयाच्या दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण संदेष्टा पाठवला गेला सीदोनाकडच्या सारफथच्या विधवेकडे. अलीशाच्या काळात कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो अरामाचा सेनापती नामान. देव दयाळू आहे, हे त्या सभास्थानात कोणालाच खुपलं नाही. तो पलीकडच्यांवरही तितकाच दयाळू आहे, हे मात्र सहन झालं नाही.

हे मासिक पाळकांच्या, सुवार्तिकांच्या, पंचांच्या आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या हाती जातं. म्हणून हा विषय आम्ही उपदेशाच्या अंगाने न घेता कामाच्या अंगाने घेणार आहोत. ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी आपल्या बहुतेक चर्चच्या दारावर असते. दारावर नमस्कार होतो, गीतपुस्तक हातात दिलं जातं, बाक दाखवला जातो. हे चांगलंच आहे. पण त्या माणसाला सहा महिन्यांनी कोण जेवायला बोलावतं, त्याचं नाव वहीत कधी चढतं, त्याच्या मुलीचा आपण सून म्हणून विचार करतो का, तो मेला तर त्याला माती कुठे मिळते, या प्रश्नांची उत्तरं पाटीवर नसतात. स्वागत खरं किती आहे ते तिथे कळतं.

पेत्राचं उदाहरण या बाबतीत मोठं बोधक आहे. याफात तो कातडं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. त्या धंद्याकडे यहूदी समाज कसा पाहत असे, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्याच घराच्या धाब्यावर त्याला तो दृष्टान्त झाला आणि तिथून उठून तो कैसरीयाला, कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीच्या घरी गेला. प्रेषितांच्या दहाव्या अध्यायात आपण नेहमी कर्नेल्याचं परिवर्तन पाहतो. त्या अध्यायात पेत्राचं परिवर्तन अधिक मोठं आहे. आणि क्रम पाहा: पवित्र आत्मा आधी आला, बाप्तिस्मा नंतर झाला. देवाने ज्यांना आधीच घेतलं होतं त्यांच्यासाठी पाणी अडवणारा मी कोण, एवढंच पेत्राला म्हणता आलं.

पण आम्हाला त्याहून जास्त विचार करायला लावते ती नंतरची, अंत्युखियातली घटना. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने ती सांगितली आहे. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसत होते आणि पेत्रही त्यांच्यात बसत होता. मग यरुशलेमेहून, याकोबाकडून, काही माणसं आली. ती आल्यावर पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून इतर यहूदी विश्वासीही सरले. बर्णबासुद्धा! ज्याने परराष्ट्रीयांमध्ये जाऊन काम केलं होतं, तो बर्णबा.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पेत्राची शिकवण बदलली नव्हती. त्या दिवशी कोणी त्याला विचारलं असतं, परराष्ट्रीयांना तारण आहे का, तर त्याने ठामपणे होच म्हटलं असतं. कोणालाही मंडळीतून काढलं गेलं नव्हतं. फक्त जेवणाची जागा बदलली होती. आणि पौलाने एवढ्यासाठी सर्वांसमोर त्याला तोंडावर सांगितलं की तू सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाहीस. पंगत हा त्याच्या लेखी शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता, सुवार्तेचाच होता. पेत्र असं का वागला, त्याचं कारणही पौल देतो: भीती. बाहेरच्यांची नव्हे, आपल्यातल्याच वजनदार माणसांची.

पाळकबंधूंनो आणि भगिनींनो, ही भीती तुम्हाला ठाऊक आहे. जुनी घराणी, ज्यांच्या आजोबांनी चर्चच्या भिंती उभ्या केल्या, ज्यांच्या वर्गणीवर पाळकाचा पगार निघतो, ती नाराज होतील. नवीन कुटुंबाला पंचांच्या निवडणुकीत उभं केलं तर सभेत गोंधळ होईल. अशा वेळी पाळक कोणाला हाकलत नाही. तो फक्त थोडा सरकतो. ते सरकणं अंत्युखियातलंच आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाने हा प्रश्न स्वतःच्या घरात अनुभवलेला आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे, त्यातला हा भाग पुन्हा एकदा वाचावा. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या, आतून मोकळ्या झाल्या आणि मग सर्वांच्या हातचं खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. टिळकांनी वाट पाहिली. नव्या धर्मात आलेल्या नवऱ्याने बायकोच्या वेगळ्या चुलीला घरात जागा दिली, हे आम्हाला स्वागताचं फार मोठं उदाहरण वाटतं. हट्टाने चूल मोडता आली असती, माणूस मात्र जिंकता आला नसता.

पंडिता रमाबाईंनीही शारदा सदनात येणाऱ्या ब्राह्मण विधवांचे जेवणाखाण्याचे रिवाज सांभाळले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली आणि बायका आल्या, त्यांत सगळ्या जातींच्या होत्या. समाजाने ‘वाईट’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे कृपा सदन झालं, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन. या बाईंनी आलेल्याला आधी भाकरी दिली, निवारा दिला, कामधंदा शिकवला. लायकीचा दाखला दारात मागितला नाही.

टिळक शेवटच्या काळात आणखी पुढे गेले. १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, अशा सगळ्यांचा तो बंधुसमाज व्हावा, ही त्यांची कल्पना. १९१९मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांच्या कल्पनेवर ईश्वरविज्ञानाच्या अंगाने आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले. बाप्तिस्मा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे आणि ती ऐच्छिक नाही, असंच आमचंही मत आहे. पण टिळकांनी ज्या माणसाकडे बोट दाखवलं तो माणूस शंभर वर्षांनंतरही आपल्या शेवटच्या बाकावर बसलेला आहे. तो दर रविवारी येतो, प्रार्थना करतो, घरी शुभवर्तमान वाचतो आणि आपल्या कोणत्याच वहीत नसतो.

अशा माणसांतला एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या कागदावर जुनी जात आहे. अनुसूचित जातींबाबतचा १९५०चा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंपुरता होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच आहे. बाप्तिस्म्याची नोंद झाली की मुलाची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जाण्याची धास्ती, म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं उंबऱ्यावर थांबतात. त्यांना ‘भित्रे’, ‘दोन डगरींवर पाय ठेवणारे’ म्हणणारे बोल आम्ही मंडळ्यांमधून ऐकले आहेत, आणि ते बोलणारे बहुधा असे असतात ज्यांच्या दोन पिढ्या मिशनच्या शाळेत शिकून स्थिरावल्या आहेत. कागदावर खोटं लिहा, असा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. पण विश्वासाची सर्वांत जड किंमत समाजातल्या सर्वांत गरीब माणसाकडून मागणारा कायदा आधीच असताना, मंडळीने त्यात आपली अवहेलना मिळवू नये. त्याच्या घरी जा. त्याच्या आजारपणात जा. त्याच्या मुलांना शब्बाथशाळेत नावाने हाक मारा.

आता मातीची गोष्ट. २०२५च्या जानेवारीत छत्तीसगडमधल्या बस्तरच्या एका गावात एका पाळकांचं निधन झालं. गावाने त्यांच्या दफनाला विरोध केला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तोवर देह सुमारे तीन आठवडे शवागारात होता. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. ही बातमी वाचून आपण सगळे व्यथित झालो, कितीतरी मंडळ्यांनी प्रार्थना केल्या. त्या व्यथेतूनच एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. आपल्या दफनभूमीत कोणाला माती मिळते? पंथ वेगळा म्हणून, वर्गणी थकली म्हणून, नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्माची म्हणून, आत्महत्या केली म्हणून आपल्या कमिट्यांनी कोणाला परत पाठवलं आहे का? जागा खरोखरच अपुरी आहे, शहरांत तर फारच. पण जागेचं कारण नेमकं कोणाला सांगितलं जातं आणि कोणासाठी जागा निघते, हे आपल्याला माहीत आहे.

शिस्तीचं काय, हा प्रश्न येईलच. तो प्रामाणिक आहे. यरुशलेमेच्या सभेनेही, प्रेषितांच्या पंधराव्या अध्यायात, परराष्ट्रीय विश्वासीयांकडे काही गोष्टी मागितल्या: मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. पण आधी सुंता करा, आधी आमच्यासारखे व्हा आणि मग या, असं म्हणायला तिने नकार दिला. मंडळीत येऊन माणूस बदलतो. बदलून झाल्यावर या, असं म्हटलं तर आपल्यापैकी कोण आलं असतं?

आणखी एक गोष्ट, विशेषतः आजच्या दिवसांत. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, नवीन माणूस आला की पाळकाच्या मनात शंका येते, आणि ती शंका निराधार नाही. यावर आमचं उत्तर सरळ आहे. आपल्या मदतीला कोणतीही अट चिकटलेली नसावी, उघड नाही आणि मनातली नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एक, तोही शोमरोनी. न आलेल्या नऊ जणांचं आरोग्य प्रभूने काढून घेतलं नाही. ज्याच्या औषधपाण्याला आपण धावलो तो आयुष्यात कधी चर्चला आला नाही, तरी ते काम पूर्णच झालेलं असतं.

हे सगळं लिहिताना आमच्यासमोर रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय आहे. रानटी जैतुनाची फांदी मूळच्या झाडावर कलम केली गेली, असं पौल परराष्ट्रीयांना सांगतो आणि लगेच बजावतो की इतर फांद्यांपुढे तोरा मिरवू नको. ती कलम केलेली फांदी आपण आहोत. नगरचे, जालन्याचे, वसईचे, कोकणातले, आपण सगळे मूळचे बाहेरचेच. सारफथची विधवा आपल्या बाजूची, नामान आपल्या बाजूचा, मवाबी रूथ आपल्या बाजूची. रथात यशया वाचत बसलेला तो कूशी अधिकारीही आपल्याच बाजूचा. तो षंढ होता आणि नियमशास्त्राप्रमाणे परमेश्वराच्या मंडळीत त्याला प्रवेश नव्हता. फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. आज एखादी तृतीयपंथी व्यक्ती चर्चच्या फाटकाशी उभी राहते तेव्हा स्वयंसेवकांनी काय करायचं ते त्या प्रसंगात आहे. या घरात आपण यजमान नाही. आपल्याला ज्याने बोलावलं त्यानेच दाराशी उभ्या असलेल्यालाही बोलावलं आहे.

म्हणून पंचांच्या पुढच्या सभेत तीन कागद टेबलावर ठेवावेत, अशी आमची विनंती आहे: सभासदांची वही, दफनभूमीचे नियम आणि प्रीतिभोजनाचा हिशेब. वहीत कोण नाही ते पाहा. नियमांत कोणाला अडवणारी ओळ आहे ती वाचा. गेल्या प्रीतिभोजनाला बांधकामावरच्या ओडिया आणि छत्तीसगडी कुटुंबांना, वृद्धाश्रमातल्या माणसांना, पायऱ्या चढू न शकणाऱ्यांना कोणी आणलं होतं का, ते विचारा. चर्चला पायऱ्या असतील तर उताराचा खर्च याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा. आणि येत्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी ओळखीच्या घोळक्यात न थांबता शेवटच्या बाकाकडे जावं, तिथल्या माणसाला नाव विचारावं आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी जेवायला जावं.