मायनिंगचे यंत्र आणि स्वस्त एसएमपीएसचा हिशेब

मालाची ने-आण करणारा टेम्पो घेताना आपल्याकडे किमतीइतकीच चौकशी मायलेजची होते. गिरणीसाठी मोटर घ्यायची असेल, तर ती महिन्याला किती युनिटे खाईल हे आधी विचारले जाते. खरेदी एकदाच होते आणि खर्च रोज होत राहतो, हे व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र घरातील तरुण पिढीने क्रिप्टो-मायनिंगचे संगणक उभे केले, तेव्हा हा दंडक अनेक ठिकाणी बाजूला राहिला. ग्राफिक्स कार्डांवर लाखांनी खर्च झाला, त्यांची तुलना रात्र रात्र जागून केली गेली; आणि त्या सर्व कार्डांना चोवीस तास वीज देणारी पेटी, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात ती, उरलेल्या पैशांत जी बसेल ती घेतली गेली.

२०२१ सालचा तो उत्साह आता ओसरला आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरील मायनिंगचा मुख्य आधार एका दिवसात गेला. बिटकॉइनचे मायनिंग तर त्याआधीच खास त्यासाठी बनवलेल्या यंत्रांकडे गेले होते. तरीही लहान नाण्यांसाठी कार्डांची यंत्रे चालवणारे आहेत, आणि जुनी यंत्रे ‘स्वस्तात मिळते आहे’ म्हणून घेणारेही आहेत. म्हणून या पेटीची पारख कशी करावी, हे पाहणे आजही गैरलागू नाही.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाच्या कामाची नसते. एसएमपीएस तिचे रूपांतर मुख्यतः १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करतो. या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि ती किती जाते यावर सारा हिशेब उभा आहे. सहा कार्डांचे एक यंत्र घेऊ. प्रत्येक कार्ड १२० वॅट, म्हणजे ७२० वॅट. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखे धरून आणखी १३०. एकूण भार ८५० वॅट. पेटीची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे १०६२ वॅट ओढले जातील. ९० टक्के असेल, तर ९४४. फरक ११८ वॅटचा, म्हणजे एका जुन्या बल्बहून थोडा अधिक. पण हा बल्ब वर्षभर रात्रंदिवस जळतो. वर्षाला १०३० युनिटांहून अधिक वीज, आणि युनिटचा दर १० रुपये धरला तर दहा हजारांवर रुपये. पेटी घेताना वाचवलेले तीन-चार हजार रुपये पाच महिन्यांच्या आत वीजबिलातून परत जातात आणि पुढची सर्व वर्षे तोट्याची ठरतात.

कार्यक्षमता ओळखण्यासाठी ‘८० प्लस’ ही खूण पाहिली जाते. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेत साधी, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशा पायऱ्या आहेत. सतत चालणाऱ्या यंत्राला गोल्डच्या खालची पेटी घेऊ नये, असे साधारण मत आहे आणि वरचा हिशेब पाहता ते योग्यच आहे. मात्र या खुणेचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. ती वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. पेटी किती वर्षे टिकेल किंवा बिघाड झाल्यास वेळेवर बंद होईल की नाही, याबद्दल ती काही सांगत नाही. शिवाय ही चाचणी सुमारे २३ अंश तापमानाच्या खोलीत होते. जळगाव-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असते. दुकानाच्या पोटमाळ्यावर सहा कार्डांच्या शेजारी काय स्थिती असेल, याची कल्पना करावी. म्हणून पेटीची पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत मिळते, हे उत्पादकाच्या तपशिलात शोधावे. चांगले उत्पादक ‘५० अंशांवर अखंड’ असे स्पष्ट लिहितात. काहीच लिहिलेले नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

डब्यावरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नये. पेटीच्या बाजूला एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. डब्यावर ‘१००० वॅट’ आणि तक्त्यात ४५ अँपिअर असतील, तर कार्डांच्या कामाची वीज ५४० वॅटच आहे. कार्डे जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टवरच घेतात. आपल्या ८५० वॅटच्या यंत्राला १२०० वॅटची पेटी पुरते. भार सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो, पंखा कमी ओरडतो आणि आतील कपॅसिटरांना दम मिळतो. कपॅसिटर हा या पेटीचा सर्वांत नाजूक भाग. त्याच्या आयुष्याबाबत अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांचे कपॅसिटर आणि ८५ अंशांचे कपॅसिटर यांच्या किमतीत फरक असतो तो याचमुळे.

आता ज्या ठिकाणी खरोखर आगी लागतात तिकडे वळू. मायनिंगच्या यंत्रात कार्डे मदरबोर्डवर थेट बसत नाहीत; रायझर नावाच्या लहान पट्टीवरून ती दूर टांगली जातात. या पट्टीला वेगळी वीज द्यावी लागते आणि कार्ड तिच्यातून ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. रायझरसोबत पुष्कळदा एक जोडवायर फुकट मिळते. तिचे एक टोक हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या साटा पिनेत जाते. त्या पिनेत १२ व्होल्टचे तीन संपर्क असतात, प्रत्येकी दीड अँपिअरचे. म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ५४ वॅटच्या पिनेतून ७५ वॅट जाऊ लागले, की ती पहिल्या दिवशी काही करत नाही. ती हळूहळू तापते, प्लास्टिक पिवळे पडते, मऊ होते, आणि एका रात्री, दुकान बंद असताना, वितळते. चाळीस हजारांच्या कार्डाला चाळीस रुपयांच्या वायरवर टांगण्याचा हा प्रकार आहे. रायझर सहा पिनांचा घ्यावा आणि त्याची वायर थेट पेटीतून आलेली असावी. त्यासाठी पेटीवर अशा जोडण्या पुरेशा आहेत का, हे विकत घेण्यापूर्वी मोजावे. सहा कार्डे आणि सहा रायझर यांचे गणित भल्याभल्या पेट्यांत बसत नाही. एका केबलला फाटे फोडून दोन-तीन रायझर चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जोडण्या कमी पडल्या की दुसरी पेटी जोडण्याचा विचार येतो. तो वावगा नाही, पण त्यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते : एखादे कार्ड आणि त्याचा रायझर या दोघांना वीज एकाच पेटीतून मिळाली पाहिजे. दोन्ही पेट्या एकाच वेळी सुरू होतील अशी जोडणीही हवी.

पेटी उत्तम असली तरी तिच्यामागे भिंतीतील वायर आहे. वरचे यंत्र चार अँपिअरच्या आसपास घेते. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एक यंत्र निभावते, दोन नाहीत. अँटमायनर एस-१९ प्रो सारखे बिटकॉइनचे यंत्र ३२५० वॅटचे आहे, म्हणजे २३० व्होल्टवर चौदा अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटवर ते बसते असे कागदावर दिसते. परंतु अखंड भारासाठी क्षमतेच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे तेरा अँपिअरच्या आतच थांबावे, हा विद्युत कामातील सर्वमान्य संकेत आहे. अशा यंत्राला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेले अर्थिंग लागते. जुन्या पेठांतील दुकानांत अर्थिंगची पिन असते, तिच्यामागे वायर असेलच असे नाही. वायरमनकडून ते मोजून घ्यावे. साध्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर चांगल्या प्रतीच्या पेट्या चालवू नयेत, त्यांना ते मानवत नाही.

घरच्या मीटरवर यंत्र चालवण्याचा मोह होतो, कारण दर कमी. येथे २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ लक्षात ठेवावे. ज्या कामासाठी जोडणी घेतली त्याहून वेगळ्या कामासाठी वापर आढळल्यास आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. प्राप्तिकराची बाजूही तितकीच कडक आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा अन्य उत्पन्नातून वळता करता येत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च हा संपादनाचा खर्च धरला जाणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितले. पेटीची किंमत त्या नफ्यातून वजा होणार नाही, हे गृहीत धरूनच आकडेमोड करावी आणि आपल्या सीएकडून ती तपासून घ्यावी.

राहता राहिला जुन्या पेटीचा प्रश्न. बाजारात १२०० किंवा १६०० वॅटच्या नावाजलेल्या पेट्या निम्म्या किमतीत मिळतात, आणि त्यांतल्या अनेक बंद पडलेल्या मायनिंगच्या यंत्रांतून आलेल्या असतात. वरून पुसलेल्या, आतून दोन-तीन उन्हाळे चोवीस तास तापलेल्या. हमीची मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून मूळ बिल मागावे. हमी पुढच्या मालकाला मिळते का आणि व्यापारी वापर तीतून वगळला आहे का, हे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत पाहावे. केबली त्याच पेटीच्या असाव्यात, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या सुट्या होणाऱ्या केबली दिसायला सारख्या असल्या तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि चुकीची केबल लावल्यास कार्ड त्याच क्षणी जळते. विक्रेता बिल दाखवत नसेल आणि पिनांच्या तोंडाशी पिवळसर डाग दिसत असेल, तर पेटी तिथेच ठेवून यावी.