व्हीएमला कोणता प्रोसेसर दाखवायचा? व्हीएमवेअर सोडणाऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे

२२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली. सौदा होता सुमारे ६९ अब्ज डॉलरचा. पुढच्याच महिन्यात 'एकदा विकत घ्या, कायम वापरा' ही लायसन्सची पद्धत बंद झाली आणि सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं. त्यात २ ऑक्टोबर २०२५ ला व्हीस्फिअर ७ या जुन्या व्हर्जनचा नेहमीचा सपोर्टही संपला. तेव्हापासून जगभरातल्या आयटी टीम एकच हिशोब करतायत: इथेच राहायचं, की प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्स, ओपनशिफ्ट किंवा हायपर-व्ही असं काहीतरी धरायचं?

बातम्यांमध्ये चर्चा पैशांची होते. पण जागा बदलताना एक छोटी सेटिंग निवडावी लागते, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. व्हर्च्युअल मशीनला 'तुझा प्रोसेसर कोणता' हे काय सांगायचं, ती ही सेटिंग. एका ओळीची निवड आहे. पण तुमचं पेमेंट ॲप किंवा तिकीट बुकिंग मेंटेनन्सच्या वेळी चालू राहील की बंद पडेल, हे बऱ्याचदा याच ओळीवर ठरतं.

आधी बेसिक: चालू मशीन हलते कशी?

एका मोठ्या सर्व्हरवर डझनावारी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात. खालचा खरा सर्व्हर म्हणजे होस्ट. व्हीएमना जागा वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर.

होस्टची रॅम बदलायची असेल किंवा सिक्युरिटी पॅच टाकून तो रीस्टार्ट करायचा असेल, तर त्यावरच्या व्हीएम आधी दुसऱ्या होस्टवर न्याव्या लागतात. त्या बंद न करता नेणं म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. व्हीएमवेअरने ही सोय 'व्हीमोशन' नावाने २००३ मध्ये आणली.

आत काय होतं? व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी नव्या होस्टवर कॉपी व्हायला लागते. कॉपी होईपर्यंत जे बदललं ते पुन्हा कॉपी होतं. असं करत करत थोडंसंच उरलं की व्हीएमला क्षणभर थांबवतात, उरलेली मेमरी आणि प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती पलीकडे पाठवतात आणि तिथे ती पुन्हा सुरू होते. सगळं नीट झालं तर वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग अडतं कुठे?

प्रोसेसरमध्ये. सर्व्हर सगळे एकाच दिवशी विकत घेतलेले नसतात. काही २०१७ चे, काही २०२१ चे, काही गेल्या वर्षीचे. दर पिढीच्या प्रोसेसरला काही नवीन सूचना कळतात: एन्क्रिप्शन भराभर करणाऱ्या, एका झटक्यात अनेक आकडे मोजणाऱ्या वगैरे.

एक्स८६ प्रोसेसरला 'तुला काय काय येतं' असं विचारण्याची सोय आहे, तिचं नाव सीपीयूआयडी. बहुतेक प्रोग्रॅम हा प्रश्न सुरू होताना एकदाच विचारतात आणि उत्तर धरून बसतात. लिनक्सची मूळ सी लायब्ररीही तेच करते. मेमरी कॉपी करण्याचे तिच्याकडे अनेक मार्ग असतात, आणि प्रोसेसरला जे झेपेल त्यातला वेगवान मार्ग ती सुरुवातीलाच निवडते.

आता समजा, व्हीएम नव्या होस्टवर सुरू झाली. प्रोग्रॅमने विचारलं, उत्तर आलं, "हो, एव्हीएक्स-५१२ येतं." मग व्हीएम चालू अवस्थेत जुन्या होस्टवर नेली. प्रोग्रॅम पुन्हा विचारत नाही, त्याला जागा बदलल्याचं कळलेलंच नसतं. तो तीच सूचना देतो, जुन्या प्रोसेसरला ती कळत नाही आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो.

म्हणून चांगला हायपरव्हायझर आधीच तपासतो आणि जुळत नसेल तर मायग्रेशनच नाकारतो. एरर साधारण अशी असते: पाहुण्या मशीनचा सीपीयू जुळत नाही, अमुक अमुक फीचर गायब आहेत. कोसळण्यापेक्षा हे बरं. पण पॅच टाकायच्या रात्री ही एरर आली, तर काम तिथेच थांबतं.

हे तुमच्या फोनमध्येही घडलंय

हा सर्व्हरवाल्यांचाच प्रॉब्लेम वाटत असेल तर थांबा. फोनच्या चिपमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि चालू ॲप दर क्षणाला इकडून तिकडे हलवलं जातं. एका अर्थाने हे छोटं लाइव्ह मायग्रेशनच आहे.

२०१८ चा सॅमसंग गॅलेक्सी एस९ प्लस आठवा. त्याच्या एक्सिनोस ९८१० चिपमध्ये छोट्या कोअरना 'ॲटॉमिक्स' नावाच्या सूचना यायच्या, मोठ्या कोअरना येत नव्हत्या. पण फोनचं कर्नल ॲप्सना सांगायचं, की ॲटॉमिक्स आहेत. ॲपने भरवसा ठेवला, मोठ्या कोअरवर गेलं आणि क्रॅश झालं. गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टीमला अखेर अँड्रॉइडवर ही सोय वापरणंच बंद करावं लागलं.

यातला धडा सर्व्हरलाही तसाच लागू पडतो. जिथे जिथे काम हलवलं जाऊ शकतं, तिथल्या सगळ्यांना जे येतं तेवढंच सांगायचं. एकालाही येत नसेल तर ते यादीतून काढायचं.

उपाय: मुद्दाम कमी सांगायचं

हायपरव्हायझर व्हीएमच्या प्रश्नाला स्वतः उत्तर देऊ शकतो. म्हणजे खरा प्रोसेसर नवा असला तरी तो सांगू शकतो, "समज, तू स्कायलेकवर आहेस." यालाच व्हर्च्युअल प्रोसेसर मॉडेल म्हणतात. व्हीएमवेअरमध्ये हे काम २००८ पासून ईव्हीसी नावाची सोय करते: पूर्ण क्लस्टरला एक पातळी ठरवून द्यायची. केव्हीएम आणि क्यूईएमयूच्या जगात मॉडेलची यादीच असते: नेहेलम, हॅसवेल, स्कायलेक, आइसलेक, एएमडीसाठी ईपीवायसी, ईपीवायसी-रोम, ईपीवायसी-मिलान वगैरे.

व्हीएमवेअर सोडून केव्हीएमवर येणाऱ्यांपुढे मुख्यतः तीन पर्याय असतात:

- होस्ट पासथ्रू: खरा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवायचा. वेग पूर्ण मिळतो. पण लाइव्ह मायग्रेशन हवं असेल तर दोन्ही होस्ट जवळपास जुळे लागतात, अगदी मायक्रोकोड आणि कर्नलसकट.
- होस्ट मॉडेल: खऱ्या प्रोसेसरच्या सर्वात जवळचं मॉडेल आपोआप निवडलं जातं. जुन्या होस्टवर सुरू झालेली व्हीएम नव्यावर जाते. नव्यावर सुरू झालेली जुन्यावर जाईलच असं नाही. रस्ता बऱ्याचदा एकतर्फी असतो.
- ठरवून दिलेलं मॉडेल: सगळ्या होस्टना जे येतं त्याची बेसलाइन काढायची आणि तेच मॉडेल सगळ्या व्हीएमना द्यायचं. थोडा वेग जातो, पण व्हीएम कुठेही हलते.

घाईत होणाऱ्या दोन चुका

व्हीएमवेअरमधून केव्हीएमवर येताना व्हीएम सहसा बंद करूनच नेतात. त्यामुळे प्रोसेसर नव्याने निवडायची संधी आपोआप मिळते. अगदी इंटेलवरून एएमडीवरही जाता येतं, कारण व्हीएम नव्याने बूट होते आणि सगळे प्रोग्रॅम प्रश्न पुन्हा विचारतात. चालू अवस्थेत इंटेलवरून एएमडीवर उडी मारायची सोय मात्र धरून चालू नका.

पहिली चूक: "वेग हवाय" म्हणून सगळीकडे पासथ्रू लावणं. पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं. वर्षभराने नवे सर्व्हर येतात, आणि कळतं की जुन्या-नव्यांमध्ये व्हीएम हलतच नाहीत.

दुसरी चूक उलटी आहे: "कुठेही चालू दे" म्हणून केव्हीएम६४ सारखं अगदी जुनं मॉडेल ठेवणं. मायग्रेशन होतं, पण एन्क्रिप्शनचं एईएस फीचर दिसत नसल्यामुळे एचटीटीपीएसचं सगळं ओझं साध्या सूचनांवर पडतं. शिवाय नव्या ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर उभ्याच राहत नाहीत. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ ही पातळी लागते, तर मे २०२५ मध्ये आलेल्या १० ला व्ही३, म्हणजे साधारण २०१३ च्या हॅसवेल पिढीची. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जनही एसएसई४.२ आणि पॉपकाउंट नसेल तर बूट होत नाही. प्रॉक्समॉक्सने जून २०२३ च्या व्हर्जन ८ पासून नव्या व्हीएमसाठी डिफॉल्ट वर नेऊन एक्स८६-६४-व्ही२-एईएस केलं. मात्र आधीच्या व्हीएम जुन्याच सेटिंगवर राहतात. त्या कोणीतरी हाताने बदलाव्या लागतात.

मॉडेलचं नाव सारखं, तरी अडचण

इथे अजून एक मेख आहे. प्रोसेसर तोच असूनही त्याची फीचर बदलू शकतात. इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेलसोबत टीएसएक्स नावाची सोय आणली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिच्यात दोष असल्याचं जाहीर झालं आणि मायक्रोकोड अपडेटने ती बंद करावी लागली. म्हणजे अपडेट झालेला होस्ट आणि न झालेला होस्ट, प्रोसेसर एकच, पण फीचरची यादी वेगळी. त्यामुळे क्यूईएमयूला 'टीएसएक्सशिवायचं हॅसवेल' असं वेगळं मॉडेल काढावं लागलं.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी उघड झाल्या तेव्हा उलटं घडलं. मायक्रोकोडने संरक्षणासाठी नवी फीचर दिली, आणि 'आयबीआरएस' शेपूट लावलेली मॉडेल आली. व्हीएमला जुनंच मॉडेल दाखवत राहिलात, तर होस्ट अपडेट असूनही आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ते संरक्षण दिसत नाही आणि ती ते वापरू शकत नाही. थोडक्यात, फक्त मॉडेलचं नाव पाहून भागत नाही, फीचरची यादी ताडून पाहावी लागते.

स्वतः तपासून बघा

स्वस्तातला क्लाउड सर्व्हर घेऊन शिकणारे बरेच जण हे वाचत असतील. फोनवरच्या एसएसएच ॲपमधूनही हे करता येतं. सर्व्हरमध्ये लॉगिन करून 'एलएससीपीयू' ही कमांड द्या आणि मॉडेल नेम बघा.

- "कॉमन केव्हीएम प्रोसेसर" किंवा "क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू" दिसलं, तर अगदी खालची पातळी. फ्लॅग्जमध्ये एईएस आहे का ते जरूर बघा.
- "इंटेल झिऑन प्रोसेसर" आणि पुढे कंसात स्कायलेक, आयबीआरएस असं काही दिसलं, तर कोणीतरी मॉडेल ठरवून दिलंय.
- बाजारातल्या चिपचं पूर्ण नाव आणि नंबर दिसला, तर बहुधा पासथ्रू. अर्थात नाव बदलूनही दाखवता येतं, म्हणून फ्लॅग्जची ओळ वाचणं जास्त भरवशाचं.

होस्ट सांभाळणाऱ्यांसाठी लिबव्हर्टच्या 'व्हर्श' टूलमध्ये दोन कमांड आहेत. 'हायपरव्हायझर-सीपीयू-बेसलाइन' सगळ्या होस्टना समान असलेलं मॉडेल काढून देते, आणि 'हायपरव्हायझर-सीपीयू-कम्पेअर' ते मॉडेल या होस्टवर चालेल का ते सांगते. मायग्रेशनच्या रात्री एररमधून शिकण्यापेक्षा आदल्या आठवड्यात या दोन कमांड चालवणं कितीतरी स्वस्त पडतं.

बेसलाइनची किंमतही मान्य करायला हवी. एआय किंवा व्हिडिओचं जड काम करणाऱ्या व्हीएमला नव्या सूचना न दाखवणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला प्रोसेसर अर्धवट वापरणं. अशा मोजक्या व्हीएम एकसारख्या होस्टच्या वेगळ्या गटात ठेवून त्यांना पासथ्रू देता येतं. बाकी बहुतेक कामांना, म्हणजे वेबसाइट, डेटाबेस, ॲपचा बॅकएंड यांना, त्या सूचना नसल्याने फारसा फरक पडत नाही.

याचा तुमच्याशी काय संबंध?

तुमचा डेटा ज्या सर्व्हरवर आहे, त्याचा सिक्युरिटी पॅच बऱ्याचदा होस्ट रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. व्हीएम हलवता आल्या, तर पॅच त्याच रात्री लागतो. हलवता आल्या नाहीत, तर 'डाउनटाइम कधी घ्यायचा' यावर मीटिंगा सुरू होतात, पुढच्या रविवारची तारीख पडते, मग त्याच्या पुढच्या. तेवढे दिवस त्रुटी उघडी राहते.

ऐरोली, रबाळे, महापेच्या डेटा सेंटर पट्ट्यात किंवा पुण्याच्या आयटी कंपन्यांमध्ये इन्फ्राचं काम करायचा विचार असेल, तर हा मुद्दा आत्ताच नीट समजून घ्या. व्हीएमवेअरमधून बाहेर पडायच्या प्लॅनमध्ये लायसन्सच्या खर्चाचा रकाना सगळ्यांकडे असतो. त्याच्या शेजारी 'व्हीएमला कोणता प्रोसेसर दाखवणार आणि आपला सर्वात जुना होस्ट कोणता' हा रकाना आहे का, ते पहिल्या मीटिंगलाच विचारा. एकदा शेकडो व्हीएम चालू झाल्या की ही सेटिंग बदलायला प्रत्येक व्हीएम बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, आणि तेच तर टाळायचं होतं.