सुटलेली ईमेल

"काका, एवढं काय मनाला लावून घेता! पाठवलेली ईमेल परत घेता येते हल्ली." पुतण्याने फोनवर धीर दिला. हेच वाक्य महिन्याभरात मला तिघांनी ऐकवले. तिघेही संगणकात मुरलेले. तरी मास्तरकीची खोड म्हणा, पण मी म्हणतो की हे वाक्य चूक आहे. नुसते चूक नाही, घातक आहे.

आधी चूक कशी ते पाहू. जीमेलमध्ये 'अनडू'ची सोय २००९ साली प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी पक्की झाली. सेटिंगमध्ये ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडायचे. तेवढा वेळ जीमेल पत्र स्वतःजवळच धरून ठेवते. म्हणजे जे 'परत' आले ते मुळात गेलेलेच नव्हते! दारात चपला घालणाऱ्या पाहुण्याला आपण पुन्हा बसवले, तर तो गावाहून परत आला असे म्हणतो का? आउटलुकचे 'रिकॉल' एकाच कचेरीच्या यंत्रणेत चालते. बाहेर कुणाच्या जीमेलवर पोचलेल्या पत्राला ते हात लावू शकत नाही.

टपालाच्या नियमांत वाटेतले पत्र परत मागण्याची तरतूद होती. कारण पत्र एकच असे आणि ते काही दिवस वाटेत असे. ईमेलची प्रत जाते, तीही क्षणात. समोरच्या सर्व्हरने ती घेतली की ती त्याची झाली. आणि ते योग्यच आहे. माझ्या कपाटातले पत्र लिहिणाऱ्याने गुपचूप येऊन न्यावे, हे मला चालेल का?

आता घातक का, ते सांगतो. गावच्या घराच्या कौलांच्या खर्चावरून मी धाकट्या भावाला रात्री ११ वाजता एक पत्र टंकले. 'आईच्या आजारपणात तू नुसते फोन केलेस,' असे त्यात लिहिले. टिचकी पडली 'रिप्लाय ऑल'वर. पत्र १४ नातेवाइकांना गेले. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातलेच आहेत.

समजा, एक बटण दाबून ते सगळ्यांच्या पेटीतून नाहीसे झाले असते, तर मी काय केले असते? गप्प बसलो असतो. भावाने वाचले असते तर ते त्याच्या मनातून गेले नसते. बाकीच्यांना ते खोटे होते हे कधीच कळले नसते. आईच्या औषधांचे पैसे तो दरमहा पाठवत होता. मनीऑर्डरीच्या पावत्या माझ्याच कपाटात आहेत.

फळ्यावर माझ्या हातून चूक झाली तर मी ती नुसती पुसत नसे. काट मारून खाली बरोबर उत्तर लिहीत असे. मुलांनी तोवर वहीत उतरवून घेतलेले असे ना! गेलेला शब्द परत आणता येत नाही, दुरुस्त करता येतो. आणि तो जितक्यांसमोर गेला तितक्यांसमोरच करावा लागतो.

म्हणून गेल्या रविवारी मी दुसरे पत्र लिहिले. त्याच १४ जणांना, या वेळी जाणूनबुजून. भावाचे उत्तर अजून आलेले नाही. वाट पाहतो आहे.

३० सेकंदांची सेटिंग मात्र पुतण्याकडून लावून घेतली आहे. राग आवरायला तेवढी पुरतील की नाही, कोण जाणे. असो.