वहिनीला ‘बाहेरचं’ नव्हतं, टीएसएच ऐंशीच्या वर होतं

पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण वाचा. विशेषतः ज्यांच्या घरात एखादी बाई, आई, बहीण किंवा सून गेले काही महिने ‘कशात लक्षच देत नाही’ अशी झाली आहे, त्यांनी.

गोष्ट आमच्याच घरची आहे. वहिनींना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, “लिहा भाऊजी, पण फोटो-बिटो टाकू नका.” म्हणून गाव आणि नाव सांगत नाही. घाटाखालचे आहोत, एवढं पुरे.

दुसऱ्या मुलाच्या वेळचं बाळंतपण नीट झालं. चार-पाच महिन्यांनी वहिनी हळूहळू बसत्या झाल्या. म्हणजे अक्षरशः बसून राहायच्या. पोळ्या करायला घेतल्या की परातीकडे बघत बसायच्या. बाळ रडतंय तरी उठायला वेळ लागायचा. आधी आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई होती ती. आई विचारायची, “काय झालं वं तुले? काहून अशी बसली?” उत्तर एकच, “काही नाही आई, मले झोपूच द्या.” वजन वाढत गेलं, तर आम्ही म्हणालो बसून खाते म्हणून वाढलं. केस गळायला लागले, तर म्हणालो बाळंतपणानंतर गळतातच. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडं भिंतीसुद्धा तापतात, तेव्हा त्या पंखा बंद करायला सांगायच्या आणि अंगावर गोधडी घ्यायच्या. याच्यावरून घरात भांडण झालं. भांडण करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. “नाटकं आहेत” हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

मग जे आपल्याकडं होतं तेच झालं. कोणी म्हणालं बाळंतवात, कोणी म्हणालं बाहेरची बाधा. सैलानीला नेलं. पिंपळगाव सराईजवळचं हे ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. होळीच्या यात्रेला तिथं नारळांची होळी पेटते आणि दूरदूरहून लोक आपली ‘डोक्यानं बिघडलेली’ माणसं घेऊन येतात. मी टिंगल करत नाही. वहिनींना तिथं दोन रात्री जरा शांत झोप लागली, दादालाही कोणाजवळ तरी मन मोकळं करता आलं. पण फरक पडला नाही. नंतर शहरातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पाच मिनिटं ऐकून डिप्रेशन सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. निदान चुकीचं होतं असं नाही. वहिनींना डिप्रेशन होतंच. “मी नसले तर पोरं सुखात राहतील” हे वाक्य त्या बोलल्या होत्या. पण रक्त कोणी तपासलं नाही. सुमारे वर्षभर गोळ्या चालल्या. झोप वाढली, बाकी काही हललं नाही.

ज्यांनी ओळखलं त्या उपकेंद्रातल्या सिस्टर. बाळाला डोस द्यायला नेलं होतं. वहिनी चार शब्द बोलल्या असतील, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “आवाज असा घोगरा काहून झाला वं तुह्या? आणि तोंड सुजल्यासारखं दिसते.” थायरॉईड तपासायला सांगितलं. टीएसएच ऐंशीच्या वर निघालं. साधारण चार-पाचच्या आत असायला पाहिजे असतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ होतो. टीएसएच हा थायरॉईड ग्रंथीचा स्राव नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कामात ढिली पडली की पिट्युटरी ओरडून ओरडून काम मागते, म्हणून टीएसएच वाढतं. आपण म्हणतो ‘थायरॉईड वाढला’, प्रत्यक्षात थायरॉईडचा स्राव कमी पडलेला असतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर व्होल्टेज कमी आहे. मोटर हूं हूं करते, पाणी ओढत नाही. हृदय मंद, आतडी मंद, कातडी कोरडी, पाळी बिघडलेली, आणि मेंदूही मंद. मेंदूला हा स्राव लागतोच. तो कमी पडला की विचार हळू होतात, आठवण राहत नाही, आनंद वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला आळस दिसतो. उलट प्रकारही आहे. स्राव जास्त झाला तर धडधड, हात कापणं, वजन उतरणं, चिडचिड, झोप उडणं. त्याला आपण ‘टेन्शन घेते’ म्हणतो.

हे काही नवीन शोध नाहीत. लंडनच्या वैद्यांच्या एका समितीनं १८८८ मध्ये थायरॉईड मंदावलेल्या शंभरावर रुग्णांचा अहवाल दिला होता. त्यात जवळपास निम्म्यांमध्ये मनाचे विकार नोंदवले होते. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी वेडे ठरवलेल्या चौदा रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांचं मूळ दुखणं थायरॉईड होतं. म्हणजे डॉक्टरी विद्येला हे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. आमच्या घरी मात्र ते एका सिस्टरच्या कानामुळं कळलं.

आता जिल्ह्याकडं येतो. जानेवारी २०२५ आठवा. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. टीव्हीवाले आले, आरोग्य खातं आलं, आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी सेलेनियमचा मुद्दा मांडला. (सेलेनियम शरीराला थोडं लागतं, थायरॉईडच्या कामालाही लागतं, जास्त झालं की विष.) हे सगळं झालं ते बरंच झालं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट फिरते. टक्कल दिसतं म्हणून पथक येतं. वहिनींचेही केस गळत होते, पण त्या एकट्या होत्या आणि त्यांचं खरं दुखणं दिसणारं नव्हतं. अशा एकेकट्या बायका गावोगाव किती असतील? २०१३ मध्ये आठ शहरांतल्या मोठ्या माणसांची पाहणी छापून आली होती. त्यात दहातल्या एकाची थायरॉईड मंद निघाली आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. ती शहरं होती. चिखली, मेहकर, संग्रामपूरच्या खेड्यांत कोणी मोजलंय?

लगेच काहीजण म्हणतील, म्हणजे डिप्रेशन हे सगळं थायरॉईडच. नाही. बिलकुल नाही. हा भाग नीट वाचा, नाहीतर माझ्या पोस्टनं नुकसान होईल.

बहुतेक डिप्रेशनवाल्यांची थायरॉईड ठणठणीत असते. आपल्या जिल्ह्यात माणूस खचतो त्याची कारणं सोयाबीनच्या भावात आहेत, कर्जात आहेत, दारूत आहेत, घरातल्या मारहाणीत आहेत. ती टीएसएचच्या रिपोर्टमध्ये सापडणार नाहीत. उद्या कोणी पुढारी “शेतकऱ्यांची थायरॉईड तपासा” म्हणून भावाचा विषय टाळायला लागला तर मीच आधी विरोध करीन. टीएसएच जरासं वाढलेलं असेल, सहा-सात वगैरे, तर गोळीनं मन लगेच हलकं होईल असंही नाही. २०१७ मध्ये युरोपात पासष्टीच्या पुढच्या सातशेवर लोकांवर अभ्यास झाला. किंचित वाढलेल्या टीएसएचवर गोळी देऊन त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही.

आणखी एक. थायरॉईड हा ‘इज्जतदार’ आजार आहे. सोयरीक जमवताना “मुलीला थायरॉईड आहे, गोळी चालू आहे” हे लोक आता ऐकून घेतात. “मनाची गोळी चालू आहे” म्हटलं की पाहुणे चहाही पूर्ण पीत नाहीत. त्यामुळं रिपोर्ट मिळाला की घरच्यांना हायसं वाटतं आणि मनाची गोळी उकिरड्यावर जाते. आमच्याकडं हेच होणार होतं. आई म्हणाली, “आता कळलं ना काय हाय ते, मग त्या झोपेच्या गोळ्या काहून?” दादानं ऐकलं नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या आणि मनाची गोळी पुढं वर्षभरानं, हळूहळू कमी करत बंद केली. थायरॉईडची चालूच आहे.

दीड-दोन महिन्यांत आवाज मोकळा झाला. मग एक दिवस त्यांनी पंखा लावायला सांगितला. दादा बाहेर जाऊन रडला.

गोळीचं सांगतो, कारण इथंच लोक चुकतात. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं. आपल्याकडं उठल्या उठल्या चहा लागतो आणि चहाबरोबरच गोळी जाते, मग ती अंगी लागत नाही. बाळंतिणीला आशाताईंनी दिलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घ्यायच्या नाहीत, चार तासांचं अंतर ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडायची नाही. गोळीमुळंच तो नॉर्मल आलेला असतो.

आता सरकारकडं मागणं. २०१५ मध्ये राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आपला जिल्हा त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसं हेरायची, पुढं पाठवायची, समुपदेशन करायचं. कल्पना चांगली आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला डिप्रेशनसाठी पुढं पाठवलं त्याची एकदा तरी टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासणी आपोआप व्हावी. त्यानं मागायची वाट बघू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने लॅबला जातातच, त्या कागदावर आणखी एक खूण. आणि उलटही व्हावं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईला वर्षातून एकदा कोणीतरी विचारावं, झोप कशी आहे, जगावंसं वाटतं ना. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर हे दोन्ही हवंच, कारण थायरॉईड बिघडायचा आणि मन बिघडायचाही तोच काळ.

सैलानीबद्दलही एक सुचवतो. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ नावानं काम चाललेलं आहे. मुजावर दुवा करतात आणि तिथूनच रुग्णाला मनाच्या डॉक्टरकडं पाठवतात. कोणाच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. मग सैलानीला असं का होऊ नये? यात्रेत आरोग्य पथक असतं ते जुलाब-तापासाठी. त्यात एक मानसोपचार डॉक्टर आणि रक्त घेणारा एक माणूस वर्षभर ठराविक दिवशी बसवा. आमच्या वहिनींचं रक्त तिथंच घेतलं असतं तर त्यांचं एक वर्ष वाचलं असतं.

कोणाला आत्ता या क्षणी फार खचल्यासारखं वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तपासणीची वाट बघू नका. १४४१६ वर फोन लावा, टेली मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. १०४ सुद्धा आहे.

वरच्या मागण्यांचं निवेदन तयार केलंय, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं आहे. ज्यांच्या घरी असा अनुभव आहे आणि सही करायला हरकत नाही त्यांनी मेसेज करा. नाव उघड होणार नाही. आशाताई आणि सिस्टर मंडळींनी तर नक्की करा, तुमच्याइतकं हे कोणी पाहिलेलं नाही.